जमीन बुडाली तर देश बुडतो का?

जमिनीचा वाद उभा राहिला की घरातले वडीलधारे आधी पेटीतले कागद काढतात. सातबारा, फेरफार, जुने खरेदीखत. कागदावर हद्द लिहिलेली असते आणि त्या हद्दीतली जमीन जागच्या जागी असणारच, हे आपण धरूनच चालतो. पण जमीनच पाण्याखाली गेली तर त्या कागदाचे काय? आज जगातल्या काही देशांसमोर हा प्रश्न उभा आहे, आणि त्याचे उत्तर मागत ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन आले आहेत.

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटे, सुमारे अकरा हजार माणसे आणि अवघी २६ चौरस किलोमीटर जमीन. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातही याहून जास्त वस्ती असते. तिथली सर्वांत उंच जागा समुद्रापासून साधारण साडेचार मीटरवर आहे. नासा या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासानुसार गेल्या तीस वर्षांत तिथला समुद्र सुमारे १५ सेंटिमीटर चढला. मुलांच्या कंपासपेटीतली छोटी पट्टी उभी धरली तर तेवढीच भरते. ऐकायला हे थोडे वाटते. पण घराचा उंबरठाच पाण्याच्या बरोबरीने असेल तर मोठ्या भरतीला पट्टीभर पाणी घरात येते.

समुद्राची हद्द कशी मोजतात?

शेताला बांध असतो, समुद्राला नसतो. मग कोणते पाणी कोणत्या देशाचे, हे कसे ठरते? त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८२ सालचा सागरी कायद्याचा करार आहे. तो १९९४ पासून लागू झाला आणि भारतही त्यात आहे. या करारात हद्द मोजायची सुरुवात किनाऱ्यावरून होते. ओहोटीला पाणी जिथपर्यंत मागे हटते, ती रेषा सर्वसाधारणपणे आधार मानली जाते. कोकणातल्या आमच्या वाचकांना ही रेषा समजावून सांगायला नको.

या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी जवळपास देशाच्या जमिनीसारखेच मानले जाते. २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. तिथली मासळी, तळाचे तेल आणि खनिजे यांवर त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा समुद्र कोणा एकाचा नसतो.

आता थोडे गणित करू. २०० सागरी मैल म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. भर समुद्रातल्या एकट्या लहान बेटाभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर समुद्र येतो. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा आहे. तुवालूच्या वाट्याला अशा रीतीने सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र आला आहे. या पाण्यात ट्यूना मासा विपुल मिळतो. तो पकडायला दूरदूरच्या देशांची मोठी जहाजे येतात आणि परवान्याचे पैसे भरतात. तुवालू, किरिबाती यांसारख्या देशांच्या सरकारी तिजोरीत या पैशाचा मोठा वाटा आहे. शाळा, दवाखाने, शिक्षकांचे पगार त्यातूनच चालतात.

म्हणजे २६ चौरस किलोमीटर जमिनीच्या आधारावर सात लाख चौरस किलोमीटरचा हक्क उभा आहे. जमीन सरकली की आधाररेषा सरकणार. आधाररेषा सरकली की हक्क आकसणार, आणि आज परवाना मागणारी जहाजे उद्या फुकट मासळी नेणार. १९८२ चा करार लिहिणाऱ्यांपुढे किनारा असा मागे हटत जाण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून करारात त्याचे थेट उत्तरही नाही.

आधी विहीर जाते

बेट बुडणार म्हणजे एके दिवशी लाट येऊन सगळे गडप होणार, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तसे होत नाही. संशोधकांनी तुवालूची १९७१ पासूनची हवाई छायाचित्रे आणि २०१४ पर्यंतची उपग्रहचित्रे ताडून पाहिली. लाटा वाळू एकीकडून नेतात आणि दुसरीकडे आणून टाकतात, त्यामुळे काही बेटे झिजली, काही वाढली, आणि एकूण जमीन किंचित वाढलेलीच आढळली.

तरीही धोका खरा आहे, कारण माणूस नुसत्या जमिनीवर जगत नाही. प्रवाळाच्या या सच्छिद्र बेटांवर समुद्राचे पाणी खालून झिरपते. जमिनीखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर खारा होतो. तुवालूचे लोक खड्डे खणून त्यात अळूसारखा एक कंद लावतात, त्याला ते पुलाका म्हणतात. खड्ड्यांत खारे पाणी शिरले की तो कंद सडतो. म्हणजे घर उभे असते, पण विहीर आणि शेत गेलेले असते.

इथेच करारातले आणखी एक कलम आडवे येते. जिथे माणसांची वस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत नाही अशा खडकाला २०० मैलांचे क्षेत्र मिळत नाही, असे १२१ वे कलम सांगते. उद्या पिण्याच्या पाण्याअभावी लोक निघून गेले, तर हे बेट राहिले नाही, आता हा नुसता खडक आहे, असे कोणी म्हणू शकेल ही भीती त्यातून येते. ज्यांनी हवा बिघडवण्यात जवळपास काहीच भाग घेतला नाही, त्यांचे घर जाणार आणि घरामागोमाग समुद्रही जाणार.

वर्गातून न्यायालयापर्यंत

बेटांवरचे लोक गप्प बसले नाहीत. आपल्या शेजारच्या मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गय्यूम यांनी १९८७ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चढत्या समुद्राचा प्रश्न मांडला होता. १९८९ मध्ये लहान देशांची परिषद मालेला भरली. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये प्रशांत महासागरातल्या देशांनी एकत्र जाहीर केले की, आमच्या सागरी हद्दी एकदा ठरल्या त्या ठरल्या, पाणी चढले तरी त्या बदलणार नाहीत. तुवालूने २०२३ मध्ये राज्यघटनेतच लिहून टाकले की, समुद्राने जमीन नेली तरी आमचे राज्य कायम राहील.

पण आपल्या वहीत आपणच लिहिलेले दुसऱ्याने मानावे लागते. त्यासाठी दोन वाटा धरल्या गेल्या.

पहिली वाट जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातल्या सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाची. तुवालू आणि अँटिग्वा-बार्बुडा यांनी २०२१ मध्ये लहान बेटांच्या देशांचा एक आयोग स्थापन केला आणि त्याने न्यायाधिकरणाचे मत मागितले. २१ मे २०२४ रोजी न्यायाधिकरणाने एकमताने सांगितले की, माणसाने हवेत सोडलेले हरितगृह वायू हे सागरी कायद्याच्या अर्थाने समुद्राचे प्रदूषणच आहे. ते रोखण्याचे, कमी करण्याचे बंधन देशांवर आहे, आणि पॅरिस करारावर सही केली म्हणजे हे बंधन फिटले असे होत नाही.

दुसरी वाट विद्यार्थ्यांनी उघडली, आणि आम्हा शिक्षकांना ती विशेष वाटते. २०१९ मध्ये वानुआतुमध्ये कायदा शिकणाऱ्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की, हवामानाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला पाहिजे. त्यांनी सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतुच्या सरकारने त्यांचे म्हणणे उचलून धरले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मतदानाशिवाय, सर्वसंमतीने ठराव करून न्यायालयाचे मत मागितले. डिसेंबर २०२४ मध्ये नव्वदहून अधिक देशांनी आपापली बाजू मांडली.

भारतानेही मांडली. हवा मुख्यतः श्रीमंत देशांनी बिघडवली आहे, त्याचा भार विकसनशील देशांवर टाकू नये आणि असलेल्या करारांपलीकडे नवी बंधने घालू नयेत, असे भारताचे म्हणणे होते. ते डावलण्यासारखे नाही. ज्यांच्या घरात अजून पुरेशी वीज नाही त्यांनाच आधी दिवा विझवायला सांगणे इन्साफ नव्हे. पण तुवालूच्या माणसाच्या बाजूने पाहिले तर धूर कोणाच्या चुलीतून किती निघाला, हा हिशेब होईपर्यंत त्याची विहीर थांबत नाही.

न्यायालय काय म्हणाले?

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे. प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या कुवतीनुसार आणि इतिहासानुसार वेगळी असेल, पण ती कोणालाच झटकता येणार नाही. कर्तव्य मोडले तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकते आणि नुकसानभरपाईचा प्रश्नही उभा राहू शकतो.

बेटांच्या मूळ प्रश्नालाही उत्तर मिळाले. आधाररेषा एकदा रीतसर ठरवून नोंदवली असेल, तर समुद्र चढल्यामुळे ती बदलण्याचे बंधन देशांवर नाही. आणि एकदा अस्तित्वात आलेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला, म्हणून ते राज्यही संपलेच असे होत नाही. सोप्या भाषेत, नदीने शेत नेले तरी सातबाऱ्यावरचे नाव तेवढ्याने पुसले जाणार नाही.

हे मत सल्ला म्हणून दिलेले आहे. ते एखाद्या देशाकडून सक्तीने वसूल करता येत नाही. पण यापुढे कोणी न्यायालयात गेले किंवा वाटाघाटीला बसले तर हे मत समोर ठेवता येईल.

कागद राहिला, माणसे कुठे राहणार?

हद्द वाचली म्हणून घर वाचत नाही. किरिबातीतल्या एका गृहस्थाने न्यूझीलंडकडे आसरा मागितला होता. तो फेटाळला गेला आणि २०१५ मध्ये त्याला कुटुंबासह परत पाठवले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये तो निर्णय चुकीचा ठरवला नाही. मात्र पुढे परिस्थिती जिवावर बेतणारी झाली तर माणसांना तिथे परत पाठवणे जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकेल, असेही समितीने म्हटले. ऑस्ट्रेलियाने तुवालूशी करार केला असून दरवर्षी २८० जणांना तिथे जाऊन राहता येते. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांनी नावे नोंदवली.

फिजीच्या तोगोरू गावात जुन्या कबरींवर समुद्राचे पाणी आले आहे. आपल्या बापजाद्यांच्या कबरी मागे टाकून जाणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नोकरी देईल, दवाखाना देईल, पण कबरस्तान सोबत नेता येत नाही. मुले नव्या गावात वाढतील आणि पुलाकाचा खड्डा कसा खणतात हे त्यांना कोणी शिकवणार नाही.

या महिन्यात घरी मुलांसोबत नकाशा उघडा. विषुववृत्ताच्या थोडे खाली, १८० रेखांशाच्या जरा पश्चिमेला तुवालूचे ठिपके शोधा. कंपास घेऊन त्यांच्याभोवती २०० सागरी मैलांचे वर्तुळ काढायला सांगा. मग विचारा, बेट उद्या राहिले नाही तर कंपासचे टोक कुठे टेकवायचे? न्यायालय म्हणते, ते पहिल्यांदा जिथे रीतसर टेकवले होते तिथेच ठेवायला हरकत नाही. ते टोक टेकायला तिथे जमीन उरेल की नाही, हे मात्र आपण सगळे मिळून हवेत किती धूर सोडतो त्यावर ठरणार आहे.