व्हिडिओ गेम : एक कथनमाध्यम

कथेचा विचार करताना आपण तीन स्थाने गृहीत धरतो : सांगणारा, सांगितली जाणारी गोष्ट आणि ऐकणारा. कीर्तन असो, कादंबरी असो वा चित्रपट, माध्यम बदलले तरी ही त्रयी टिकून राहिली. श्रोता हुंकार देतो, वाचक पुस्तक मिटून ठेवतो, प्रेक्षक डोळे पुसतो. परंतु द्रौपदीला पणाला लावावे की नाही, हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारले जात नाही. व्हिडिओ गेममध्ये नेमका हाच प्रश्न समोरच्या व्यक्तीला विचारला जातो आणि तिने उत्तर दिल्याखेरीज गोष्ट पुढे सरकत नाही. या एका फरकामुळे कथनाच्या स्वरूपात काय बदल घडतो, याची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

या विचारासाठी बंगळुरू शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. राजेश राव यांनी तेथे १९९७ मध्ये सुरू केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही या देशातील व्हिडिओ गेमच्या व्यवसायातील अगदी आरंभीची कंपनी. तिची ओळख झाली ती मुख्यतः परदेशी खेळांसाठी मोटारी, इमारती, वस्तू व पात्रे घडवून देणारी संस्था म्हणून. पुढे ती एका स्वीडिश कंपनीकडे आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या अमेरिकी कंपनीकडे गेली. म्हणजे बंगळुरूचे कारागीर गेली पंचवीसहून अधिक वर्षे दुसऱ्यांच्या कथांचे नेपथ्य उभारीत आहेत. त्याच शहरातील निम्हान्स या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या अतिवापरावर उपचार करणारे केंद्र सुरू केले. खेळांच्या आहारी गेलेली मुले तेथे आणली जातात. २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परिणामी या विषयाची आपली सार्वजनिक परिभाषा तीनच ठिकाणांहून येते : उद्योगाकडून, रुग्णालयाकडून आणि जुगारविषयक कायद्याकडून. तिन्ही परिभाषांना आपापले प्रयोजन आहे. तथापि या खेळांतून काय सांगितले जाते आणि ते कसे सांगितले जाते, हा प्रश्न त्यांपैकी एकीच्याही कक्षेत येत नाही. तो साहित्याच्या अभ्यासकांचा प्रश्न आहे.

खेळातून अर्थ सांगता येतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोक्षपटाचे उदाहरण घ्यावे. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. उपलब्ध पट मात्र मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले आहेत. पटावरील घरांना गुणदोषांची नावे असतात. शिडी सद्गुणाने वर नेते, साप दुर्गुणाने खाली आणतो आणि शेवटचे घर मुक्तीचे असते. यात निवेदक नाही, संवाद नाहीत. तरीही प्रत्येक डावात एका जीवाची यात्रा घडते. खेळणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य नाही, कवडी पडेल तसे चालावे लागते. हे स्वातंत्र्य नसणे हेच त्या पटाचे विधान आहे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेला. तेथे आरंभी पाश्चात्त्य नीतिकल्पनांची लेबले त्याला चिकटली आणि पुढे तीही गळून पडली. साप राहिले, शिड्या राहिल्या, नियमही राहिला. कथा तेवढी उरली नाही. यावरून असे दिसते की खेळातील कथन नियम आणि नाम या दोहोंच्या संयोगातून सिद्ध होते.

पाश्चात्त्य अभ्यासकांमध्ये या प्रश्नावर दीर्घ वाद झाला. १९९७ मध्ये जॅनेट मरे यांनी संगणकाला कथनाचे भावी माध्यम मानून विवेचन केले. त्याच वर्षी एस्पेन आर्सेथ यांनी, वाचकाला पाने उलटण्यापलीकडे काही श्रम करावे लागतात अशा संहितांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला आणि यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथालाही त्यात स्थान दिले. खेळ ही कथा आहे की केवळ नियमव्यवस्था, असा पुढील वादाचा रोख होता. आपल्याकडे सौविक मुखर्जी यांनी २०१५ व २०१७ मधील ग्रंथांतून अनुक्रमे खेळांतील कथन आणि वसाहतोत्तर दृष्टी यांचा पद्धतशीर विचार केला.

नियम स्वतःच कसा बोलू लागतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे लुकास पोप यांचा २०१३ मधील 'पेपर्स, प्लीज' हा खेळ. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवर कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. तपासलेल्या प्रत्येक माणसामागे मोबदला मिळतो. त्यातून घरच्यांचे अन्न, ऊब आणि औषध भागवायचे असते. चूक झाली की दंड होतो. एखाद्या अपुऱ्या कागदाच्या निर्वासिताला दया दाखवली, तर रात्री घरात कोणी तरी उपाशी राहण्याची शक्यता असते. सामान्य माणूस जुलमी व्यवस्थेचा हस्तक कसा बनतो, हे कादंबरी वर्णन करून सांगते. येथे खेळणाऱ्याचा हातच ते शिक्के मारीत असतो. युद्धग्रस्त नगरातील नागरिकांचे जिणे दाखवणारा 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) हा पोलिश खेळ तर पोलंडने २०२० मध्ये शालेय पूरक वाचनाच्या यादीत घेतला.

येथे भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला एक अडचण जाणवेल. साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार रसास्वाद संभवतो तो 'हे माझे, हे परक्याचे' अशी व्यक्तिगत बंधने गळून पडल्यामुळे. खेळात तर 'हे मी केले' ही जाणीव प्रखर असते. शिवाय नट हा रसाचे पात्र, म्हणजे भांडे. आस्वाद घेणारा तो सहृदय, अशी अभिनवगुप्तांची भूमिका आहे. खेळणारा एकाच वेळी नटही असतो आणि सहृदयही. मग त्याला रसप्रतीती होते, असे म्हणता येईल काय? माझ्या मते कृतीच्या क्षणी बहुधा ती होत नाही. त्या क्षणी असते ती घाई, भीती वा ईर्ष्या. परंतु कृतीचा परिणाम समोर आल्यावर आणि दुसऱ्या डावात वेगळी निवड करताना खेळणारा स्वतःच्याच कृतीकडे दुरून पाहू लागतो. आस्वादाला अवसर मिळतो तो तेथे. व्हिडिओ गेममधील पुनरावृत्तीला दोष मानण्याची प्रथा आहे. कथनदृष्ट्या तीच त्याची मोठी शक्ती ठरू शकते.

भारतीय विषयांवरील दोन खेळ या कसोटीवर पाहता येतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत बोलतात, आणि त्यांच्या संवादातून कथा उलगडते. पहाडी चित्रशैलीचा संस्कार आणि छायाबाहुल्यांच्या धर्तीची दृश्ये यांमुळे खेळ देखणा झाला आहे. तथापि त्यात कथा व खेळ शेजारी शेजारी चालतात. देव सांगतात, राजी लढते. लढण्याच्या पद्धतीने कथेचा अर्थ फारसा बदलत नाही.

टोरोंटो येथील व्हिसाई गेम्सचा 'वेण्बा' (२०२३) लहान आहे, पण त्यात हा सांधा जुळला आहे. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही कथा. वेण्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची जीर्ण वही आहे. अक्षरे पुसली आहेत, कागद फाटले आहेत. खेळणाऱ्याने गाळलेल्या जागा तर्काने भरून इडलीसारखे पदार्थ सिद्ध करायचे. हे पाठचिकित्सेचेच काम होय. मुलगा मातृभाषेपासून दुरावत जातो, तेव्हा त्या वहीतील रिकाम्या जागांना वेगळा अर्थ येतो. २०२४ मध्ये या खेळाला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

दोन्ही उदाहरणांतून भाषेचा प्रश्न पुढे येतो. 'राजी'चे मूळ संवाद इंग्रजीत होते. २०२२ च्या आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली. पुण्यात घडलेल्या खेळाला मराठी वाणी मिळाली नाही, याचा दोष केवळ निर्मात्यांना देणे उचित नव्हे. बाजारपेठ जागतिक आणि भांडवल तुटपुंजे असते. पण जे माध्यम खेळणाऱ्याकडून निर्णय मागते, ते कोणत्या भाषेत विचारते ही बाब गौण मानता येणार नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील निवड मराठीत आपोआप एक नाते ठरवते. इंग्रजीतील एकाच सर्वनामाला ते साधत नाही. निवडीवर उभ्या असलेल्या माध्यमाला आपल्या भाषांचे हे सामर्थ्य उपयोगी पडण्याजोगे आहे.

भारतीय भाषांच्या विभागांना येथे दोन कामे करता येतील. पहिले भाषांतराचे : शाखा फुटणाऱ्या संहितेत एकच वाक्य निरनिराळ्या पूर्वप्रसंगांनंतर येते, आणि आपल्याकडे क्रियापदालाही लिंगवचन सांभाळावे लागते, या भाषांतराचे शास्त्र अद्याप घडायचे आहे. दुसरे जतनाचे : यंत्र कालबाह्य झाले की त्यावरचा खेळ वाचता येत नाही. मोक्षपटाचे कापड दोन शतके टिकले म्हणून आज आपण त्यावर लिहू शकतो. बंगळुरूत व पुण्यात आज घडणाऱ्या खेळांच्या संहिता, आराखडे आणि टाकून दिलेले खर्डे कोणी ग्रंथालयात आणून ठेवले नाहीत, तर पुढच्या पिढीतील अभ्यासकाजवळ केवळ नावांची यादी उरेल.