भरिताची शेगडी

दोंडाईचा हें सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गांव मिरच्यांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. परंतु थंडी पडूं लागली, कीं साऱ्या खानदेशाप्रमाणें तेथेंही भाजलेल्या वांग्यांचा वास दरवळूं लागतो. शेतांत भरीत होतें तेव्हां वांगीं पऱ्हाट्या-तुराट्यांच्या जाळावर भाजतात. त्या जाळाला निगा नको; राख झाली, कीं त्याचें काम संपलें. गांवांतील घरांत मात्र तेंच काम गॅसच्या शेगडीवर उरकावें लागतें, आणि त्याचें प्रायश्चित्त शेगडी भोगते.

वांग्याची साल फुटली, कीं रस व चोपडलेलें तेल बर्नरवर ठिबकून करपतें. भोकें बुजतात, ज्योत एका अंगाला झुकते, पिवळी पडते, आणि भांड्यांचीं बुडें काळीं होतात. मग ‘शेगडी म्हातारी झाली’ असा निकाल देऊन ती मोडींत घालतात. हें निदान बहुधा चुकीचें असतें. जुन्या शेगडीचा पितळी बर्नर व त्याखालची बिडाची नळी सहजासहजीं झिजत नाहींत. नव्या चकचकीत शेगडीबद्दल तसें नेहमींच म्हणतां येत नाहीं.

प्रयोगशाळेंतील बुन्सेनच्या दिव्याचें तत्त्वच या शेगडींत आहे. जेटच्या बारीक छिद्रांतून गॅस वेगानें निघतो आणि जातां जातां शेजारच्या भोकांतून हवा ओढून घेतो. दोन्ही नळींत मिसळून बर्नरच्या तोंडाशीं जळतात. हवा पुरेशी असेल, तर ज्योत निळी. कमी पडली, तर न जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात, व तेच पुढें काजळी होऊन भांड्याला चिकटतात. कित्येकदां या साऱ्या बिघाडाचें मूळ नळींत कोळ्यानें विणलेलें एक जाळें असतें!

साफसफाईपूर्वीं रेग्युलेटर बंद करून शेगडी निवूं द्यावी. पितळी बर्नर चिंचेच्या कोमट पाण्यांत भिजवून ब्रशानें घासावा, भोकें टांचणीनें मोकळीं करावीं, आणि तो पूर्ण वाळल्यावरच बसवावा. नळी आंतून लांब ब्रशानें झाडावी. जेटला मात्र सुई लावूं नये. त्याचें छिद्र किंचित् रुंदावलें, तरी गॅस अधिक येतो, त्या मानानें हवा अपुरी पडते, आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट स्वस्त असतो. तो त्याच मापाचा नवा घालावा. चावी जड फिरूं लागली, तर तींत खाण्याचें तेल सोडण्याचा मोह टाळावा. तें तापून चिकट होतें. हें काम कारागिराचें.

काटकसर रबरी नळीपाशीं थांबली पाहिजे. ती पांच वर्षांनीं, आणि चीर दिसल्यास तत्काळ, बदलावी. जोडणी पुन्हां झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले, तर गॅस गळत आहे असें समजावें. काडी ओढून गळती शोधणें हा आत्मघात होय. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचें बटणही न दाबतां रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या.

एवढें झाल्यावर वांगें बर्नरवर थेट न ठेवतां जाळीवर भाजावें, आणि रस गळूं लागतांच तें फिरवून दुसऱ्या अंगावर घ्यावें.