तासांची नोंद आणि शिकण्याची नोंद

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय असा छापला आहे: 'विद्यापीठात काम करणारे विद्यार्थी: रोजगार, करिअर आणि व्यावसायिक विकास यांचा समन्वय'. एवढा लांब विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाच्या हाती द्यायचा, हे आयोजकांचं धाडसच म्हणायला हवं. मी तो माझ्यापुरता लहान करून घेतो. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण महाविद्यालयांतले विद्यार्थी विकास अधिकारी आहेत, काही ग्रंथपाल आहेत, काही कार्यालयीन अधीक्षक. 'कमवा व शिका' योजनेतली मुलं-मुली तुमच्याकडे कामाला येतात. ती तास भरतात, तुम्ही हजेरीपत्रकावर सही करता, पुढे त्यांच्या खात्यावर पैसे जमा होतात. तासांची नोंद चोख असते. पण त्या तासांत ते मूल काय शिकलं, याची नोंद कुठे होते? आज मला एवढंच विचारायचं आहे.

सुरुवात योजनेच्या नावापासून करू. आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे माझं लक्ष 'कमवा'कडे जात नाही, 'शिका'कडेही जात नाही. ते मधल्या 'व'वर, म्हणजे 'आणि'वर जातं. तर्कशास्त्रात 'आणि'ने जोडलेलं विधान खरं ठरायला फार काही लागत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असल्या की झालं. त्यांचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. 'लिंबू आंबट असतं आणि पुणे मुळा-मुठेच्या काठी आहे' हे विधान शंभर टक्के खरं आहे. तसंच एखादी मुलगी सकाळी अर्थशास्त्राच्या तासाला बसते आणि दुपारी कार्यालयात पाकिटांवर पत्ते घालते. ती कमावते, ती शिकते. विधान खरं, योजना यशस्वी, अहवाल तयार. पण लिंबाचा आणि पुण्याचा जेवढा संबंध, तेवढाच तिच्या सकाळचा आणि दुपारचा.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मनातला 'आणि' इतका सैल नव्हता. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघालं आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकपाणी आणि शेतीची कामं स्वतः करत. त्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण मला दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथलं काम हे एका अख्ख्या घराचं काम होतं. भाकरी का कमी पडली, धान्य किती उरलंय, पीक बुडालं तर पुढचे महिने कसे काढायचे, हे भाकरी थापणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर असायचं. आणि शेजारच्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी खायची, हा तर समाजशास्त्राचा मोठा धडा होता. तो कोणत्याही पुस्तकातून आला नसता. भाऊराव स्वतः शिकवण्या करून, ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी, किर्लोस्करांसाठी काम करून पुढे आलेले. कामातून माणूस काय शिकतो याचा त्यांना हिशेब होता.

पुढे ही कल्पना विद्यापीठांत आली. कोल्हापूरला 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, आणि त्यांच्याच नावाचं विद्यार्थी भवन तिथे 'कमवा आणि शिका' तत्त्वावर चालतं. पुणे विद्यापीठाच्या योजनेला तर कर्मवीरांचंच नाव आहे. या योजनांमुळे जे हजारो विद्यार्थी शिकू शकले, त्यांच्याविषयी किंवा योजनांविषयी मला कुरकुर करायची नाही. खेड्यातून आलेल्या मुलाची मेस त्या पैशांवर चालते. ती बंद पडली तर तो गावी परत जातो. हे आधी, बाकी सगळं नंतर.

पण वसतिगृहाचं घर गेलं आणि त्या जागी कार्यालय आलं, तेव्हा एक बदल झाला. कार्यालयात कामाचा एकच कोपरा दिसतो. आवक-जावकच्या टेबलावरच्या मुलाला पत्र येताना दिसतं, जाताना दिसतं. मधे त्याचं काय होतं ते दिसत नाही. म्हणून वसतिगृहात जे आपोआप शिकलं जायचं, ते इथे कुणीतरी मुद्दाम दाखवावं लागतं.

इथे मला ॲरिस्टॉटलला बोलवायचंय. त्याच्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात हा मुद्दा येतो, की घरं बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वीणेसारखं वाद्य वाजवूनच वादक. आपण साधारण इथपर्यंतच त्याला उद्धृत करतो, आणि 'कृतीतून शिक्षण' असा फलक लावून मोकळे होतो. त्याच्या लगेच पुढे तो म्हणतो ते जास्त टोकदार आहे. वाईट गवंडीसुद्धा घरं बांधूनच तयार होतो! त्याच कामातून चांगलाही घडतो आणि वाईटही. तसं नसतं तर शिकवणाऱ्याची गरजच पडली नसती. विसाव्या शतकात जॉन ड्यूईने हेच शिक्षणाला लावलं. हा ड्यूई म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला शिक्षक. 1938 सालच्या एका छोट्या पुस्तकात तो सांगतो, की सगळं शिक्षण अनुभवातून येतं हे खरं असलं तरी सगळे अनुभव सारखेच शिकवणारे नसतात; काही अनुभव तर पुढचं शिकणं अडवतात. दोन वर्षं कुणी काही न सांगता, न विचारता शिक्के मारत बसलेलं मूल शिक्के मारणं शिकतंच, पण त्याबरोबर 'आपलं काम म्हणजे एवढंच' हेही शिकतं.

माझ्याकडे एम.ए.ला बीड जिल्ह्यातला एक विद्यार्थी होता. दोन वर्षं तो ग्रंथालयात काम करत होता. शेवटच्या सत्रात आम्ही विभागात सरावासाठी मुलाखती घेतल्या. विचारलं, "कामाचा अनुभव?" म्हणाला, "नाही सर. कमवा-शिकात होतो फक्त." तो 'फक्त' मी नंतर बरीच वर्षं डोक्यात घोळवलाय. मग आम्ही खोदून विचारायला लागलो. तेव्हा कळलं, की नवी पुस्तकं आली की दाखल नोंदवहीत चढवण्याचं काम तो करायचा. वर्गीकरण क्रमांक वाचून कोणतं पुस्तक चुकीच्या कपाटात गेलंय हे तो उभ्या उभ्या सांगायचा. परीक्षेआधीच्या आठवड्यात एकाच पुस्तकाला पंधरा मागण्या आल्या, की ते कुणाला किती दिवस द्यायचं हे त्यानेच ठरवलेल्या एका साध्या यादीवर चालायचं, आणि भांडणंही तोच मिटवायचा. आता याला काय म्हणाल? कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत याला मोठमोठी नावं देतात. या मुलाजवळ काम होतं, कामातलं कौशल्य होतं. त्यासाठी शब्द नव्हते. आणि शब्द नव्हते, कारण दोन वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणजे विचारणं हे काम आहे, आणि ते कुणाच्या तरी नावावर पाहिजे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने यासाठी एक अगदी साधी पद्धत काढली. तिचं नाव 'आयोवा ग्रो'. कॅम्पसवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याचा सुपरवायझर अधूनमधून छोटंसं, ठरलेलं संभाषण करतो. प्रश्न चारच. तुझं काम आणि अभ्यास यांचा मेळ कसा बसतोय? इथे शिकलेलं काही वर्गात उपयोगी पडतंय का? वर्गात शिकलेलं काही इथे वापरता येईल का? आणि पुढे जे काम करायचं मनात आहे, त्यात वापरता येईल असं इथे काय शिकलास, एक-दोन उदाहरणं सांग. बस. ना पोर्टल, ना नवीन पद, ना चहापानाचा खर्च. मला ही पद्धत आवडते कारण ती सॉक्रेटिसच्या घराण्यातली आहे: माहिती द्यायची नाही, विचारून बाहेर काढायची. चौथ्या प्रश्नावर मूल पहिल्यांदा गप्प बसतं. गप्प बसू द्या. दुसऱ्या खेपेला ते उत्तर घेऊन येतं, कारण मधल्या दिवसांत ते स्वतःच्या कामाकडे बघायला लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट पायरीची. काम बदललं पाहिजे, वर गेलं पाहिजे. लिंडन जॉन्सन हे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात ते गरीब विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेव्हा सुरुवातीला आवार साफ करण्याचं, झाडलोटीचं काम त्यांच्याकडे होतं. तिथून ते महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या कार्यालयात पोचले. कारभार कसा चालतो, कोण कुणाकडे कशासाठी येतं, हे त्यांना तिथे दिसलं. याच माणसाच्या कारकिर्दीत, 1964 साली, विद्यार्थ्यांच्या कामाला केंद्र सरकारचा पैसा देणारी योजना कायद्यात आली. आणि 1965 सालचा उच्च शिक्षण कायदा सही करायला ते त्याच महाविद्यालयात परत गेले. झाडू ते अध्यक्षपद अशी प्रेरणादायी गोष्ट मला करायची नाहीये, त्या गोष्टी बाजारात पुष्कळ आहेत. माझा मुद्दा झाडू ते कार्यालय एवढ्याच अंतराचा आहे. ते अंतर एका आवारातलं आहे, तुमच्या हातातलं आहे. पहिल्या वर्षी बागेत असलेली वनस्पतिशास्त्राची मुलगी दुसऱ्या वर्षी रोपवाटिकेची नोंदवही का सांभाळत नाही? तिसऱ्या वर्षी नव्या मुलांना कलम बांधायला का शिकवत नाही? अर्जावर विषयाचा रकाना असतो. कामं वाटताना तो कुणी वाचतं का?

आता पैशाइतकाच रोखठोक मुद्दा, क्रेडिटचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आलं, चार क्रेडिटचं. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटला तीस तास धरतात. चार त्रिक तीस, माफ करा, चार गुणिले तीस, म्हणजे एकशेवीस तास. आता आपल्या मुलाचं गणित करू. रोज दोन तास, महिन्याचे वीस दिवस, सहा महिने: दोनशेचाळीस तास. दुप्पट! तरीही या मुलाला सांगितलं जातं, की क्रेडिटसाठी बाहेर कुठेतरी जाऊन एकशेवीस तास वेगळे कर. ज्याच्या घरी दोन महिने पुण्या-मुंबईत खोली घेऊन बिनपगारी राहण्याची ऐपत आहे, त्याचं प्रशिक्षण होतं. ज्याला रोजचे दोन तास सोडता येत नाहीत, तो कुठूनतरी प्रमाणपत्र आणतो. ते कसं आणतात हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. ज्याने खरोखर काम केलं त्याच्याजवळ कागद नाही, आणि कागद ज्याच्याजवळ आहे त्याने काम केलंच असेल असं नाही.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक तासाला क्रेडिट द्या. पाकिटांवर पत्ते घालण्याला क्रेडिट मिळू नये. पण जिथे कामाचा विषयाशी संबंध लावता येतो, कुणी शिकवणारा आहे, आणि मुलाने काय शिकलं ते चार पानांत लिहून दाखवलं आहे, तिथे अभ्यास मंडळांनी आणि विद्यार्थी विकास विभागाने एकत्र बसायला काय हरकत आहे? हा समन्वय, ज्याच्यासाठी तुम्ही मला बोलावलंत.

एक गोष्ट कटू आहे, पण सांगतो. रिक्त पदं भरली जात नाहीत म्हणून लिपिकाचं काम योजनेतल्या मुलांकडून करून घेतलं जातं, हे आपल्याला माहीत आहे. अशा ठिकाणी 'व्यावसायिक विकास' हा शब्द वापरू नये. ओळखायची खूण सोपी आहे. परीक्षेच्या आठवड्यात ते मूल आलं नाही तर कार्यालय अडून बसतं का? अडत असेल तर तिथे विद्यार्थी नाही, स्वस्तातला कर्मचारी आहे. ज्या मुलाला परीक्षेसाठी रजा मागताना अपराधी वाटतं, त्याला चार प्रश्न विचारून काही उपयोग नाही. आधी त्याचं ओझं उतरवा.

आणि 'आम्हाला वेळ नाही' हे उत्तर मला प्रश्नोत्तरात मिळणारच आहे, म्हणून आधीच बोलतो. एका विभागात सहा मुलं असतील, प्रत्येकाला सत्रातून दोनदा पंधरा मिनिटं दिली, तर सत्राचे तीन तास होतात. हजेरीपत्रकं तपासण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो. तेच पत्रक उलटं करा, मागची बाजू कोरी असते. मुलाचं उत्तर तिथे त्याच्याच शब्दांत दोन ओळींत लिहून घ्या. दोन वर्षांनी शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा आपण 'मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर' असं लिहितो, कारण आपल्याला दुसरं काही आठवतच नाही. त्या वेळी ही मागची बाजू काढून समोर ठेवा.

मला दिलेली वेळ संपत आली आहे. मघाशी ग्रंथपाल बाईंनी दोनदा हात वर केला होता, मी मुद्दाम दुर्लक्ष केलं. बोला, बाई. पहिला प्रश्न तुमचा.