पहिला प्रश्न जेवणाचा

मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात भातखाचरंही आहेत आणि कारखानेही. घरभेटीला निघण्याआधी गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, आशाताईंना, ठाऊक असावं लागतं, कुणाची लावणी चाललीय आणि कोण रात्रपाळी करून आत्ता झोपलंय.

मी त्यांच्यासोबत गेले ते एका बाळंतिणीच्या घरी. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी ठरलेल्या. ही सातव्या दिवसाची. ताईंनी साबणानं हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाळू दिले. बाळाला हात लावण्याआधी आईजवळ बसल्या.

"काल किती वेळा पोटभर जेवलीस?"

भेटीच्या छापील फॉर्मवरच हा प्रश्न अगदी सुरुवातीला येतो. "दोनदा," सून हळूच म्हणाली. ताई वळल्या सासूबाईंकडे, कारण चूल त्यांच्या हातात. "आजी, अंगावर पाजतेय ती. तुमच्या हातची भाकरी-भाजी आणखी दोनदा द्या की." आजींनी मान डोलावली.

मग अंगावरून किती जातंय, बाळ नीट पितंय का, दिवसातून सहादा तरी लघवी करतं का. नंतर झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर. बाळ शांत झाल्यावर छातीकडे नजर लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. साठ किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठायचा.

निघताना ताईंनी आजोबांना रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं. "बरं वाटतंय, म्हणून सोडली." ताई रागावल्या नाहीत. आजोबा रात्री वॉचमन, झोपतात दिवसा. सकाळची गोळी चुकते, हे बोलता बोलता कळलं. "उद्या उपकेंद्रात चला. मॅडमना विचारून तुमच्या पाळीप्रमाणं वेळ ठरवून घेऊ."

या घरभेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशांकडे आली.

'रुग्णकेंद्री सेवा' यावर परिषदा भरतात. उरवड्यात मला ती दिसली जेवण विचारण्यात, सासूला विश्वासात घेण्यात, गोळीची वेळ पाळीशी जुळवण्यात. घर ओळखणारं माणूस असेल तरच हे जमतं. आणि त्या माणसाला सहाही भेटींचे मिळून वर्षानुवर्षे २५० रुपये मिळत आले, 'स्वयंसेविका' म्हणून. आरोग्यसेवेचा पाया ज्यांच्यावर उभा आहे, त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि नियमित पगार मिळायलाच हवा.