कपाशीवरील गुलाबी बोंडअळी

कपाशीचें बोंड बाहेरून हिरवें व भरदार दिसलें म्हणजे तें निरोगी आहे, असें आपण सहज मानतों. गुलाबी बोंडअळीच्या बाबतींत हाच समज घातक ठरतो.

या अळीचा पतंग फार लहान, सुमारें ८ ते ९ मिलिमीटर लांबीचा असतो. रंग करडा-तपकिरी, पुढील पंखांवर काळसर ठिपके व मागील पंखांस झालर असते. दिवसा तो दडून बसतो. रात्रीं मादी पात्या, फुलें व कोवळीं बोंडें यांवर अंडीं घालते.

चारपांच दिवसांनीं अंड्यांतून पांढुरकी अळी निघते व वाढतां वाढतां गुलाबी होते. ती फुलांत शिरल्यास पाकळ्या धाग्यांनीं जखडून टाकते व फूल उमलत नाहीं. यासच डोमकळी म्हणतात. बोंडांत शिरतांना पडलेलें सूक्ष्म छिद्र पुढें बुजून जातें. आंत ती सरकी पोखरते. त्यामुळें रुई तुटते व डागाळते.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत असतां बांधावरून नजर टाकून पुष्कळ आणेवाऱ्या मांडल्या. निवृत्तीनंतर स्वतःच्या शेतांतही तसाच अंदाज केला. पुढें वीस हिरवीं बोंडें चिरून पाहिलीं, तों सात किडलेलीं निघालीं! तोंवर वेळ टळली होती.

बीटी कपाशीस ही अळी लागत नाहीं, हा भरंवसाही आतां धरूं नये. सन २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील बीटी कपाशीचेंच तिनें अतोनात नुकसान केलें. म्हणून एकरीं दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं आठ-आठ पतंग सांपडल्यास, अथवा शंभरांत दहा बोंडें किडकीं निघाल्यास, कृषिखात्याच्या सल्ल्यानें तत्काळ औषध फवारावें.

परंतु खरा उपाय हंगामाच्या शेवटीं आहे. हंगामअखेरच्या अळ्या जोडसरकींत व कवडी बोंडांत सुप्त राहतात आणि पुढील वर्षीं पतंग होऊन निघतात. फरदड ठेवणें म्हणजे त्यांस आयतें अन्न पुरविणें होय. यास्तव डिसेंबरअखेर वेचणी संपवावी, शेतांत गुरें-मेंढ्या चाराव्यात व पऱ्हाट्या उपटून नष्ट कराव्यात. त्या सरपणासाठीं बांधावर रचून ठेवूं नयेत. फरदडीच्या एकदोन वेचण्यांचा लोभ सोडणें जड जातें, हें आम्ही जाणतों. पण एकाच्या शेतांतील फरदड साऱ्या शिवारास बाधते, हें प्रत्येकानें ध्यानीं ठेवावें.