संदेश वाचता आला नाही, तरी तो कोणासाठी आहे हे कळू शकते

मजकूर गुप्त ठेवला की तो कोणासाठी आहे हेही गुप्त राहते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही.

सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनात संदेश प्राप्तकर्त्याच्या जाहीर किल्लीने बंद होतो आणि त्याच्याच खासगी किल्लीने उघडतो. प्रचलित आरएसए पद्धतीत प्रत्येकाच्या किल्लीत एक स्वतंत्र मोठी संख्या असते; कूटसंदेश नेहमी तिच्याहून लहान असतो. त्यामुळे कूटसंदेश एखाद्याच्या संख्येहून मोठा आढळल्यास तो त्याच्यासाठी नाही, हे तत्काळ उघड होते. शोधपत्रकाराला माहिती धाडणाऱ्या कर्मचाऱ्याला एवढा सुगावाही महागात पडू शकतो.

मिहिर बेलारे व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या अनामिकतेची काटेकोर व्याख्या केली. सर्वांसाठी समान गणिती गट वापरणाऱ्या एल्गमाल पद्धतीत ती, एका मान्य गृहीतकाच्या आधारे, टिकते असे त्यांनी दाखविले.

स्वाक्षरीबाबतही असाच प्रश्न उद्भवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मान्य डिजिटल स्वाक्षरी जाहीर किल्लीने कोणीही पडताळू शकतो. डेव्हिड चॉम व हान्स व्हान अँटवर्पन यांनी १९८९ मध्ये मांडलेली 'नाकारता न येणारी' स्वाक्षरी मात्र स्वाक्षरीकर्त्याच्या सहभागाविना पडताळता येत नाही. बनावट स्वाक्षरी आपली नाही, हे तो सिद्ध करू शकतो. खरी स्वाक्षरी नाकारणे त्याला जवळजवळ अशक्य असते.

त्यामुळे दस्तऐवज त्रयस्थांच्या हाती पडला तरी स्वाक्षरीची खातरजमा त्यांना परस्पर करता येत नाही. वाद उद्भवल्यास उत्तरदायित्व मात्र टळत नाही.