तोंडाचा वास : गॅसगळतीवर अगरबत्ती लावू नका

आजचा विषय असा आहे, की समोरच्याला माहीत असतो, घरच्यांना माहीत असतो, पण ज्याचा आहे त्याच्याशी कुणी बोलत नाही. तोंडाला वास येणं. सकाळी उठल्यावर येतो तो नाही हं, तो तुम्हा-आम्हा सगळ्यांना येतो. मी बोलतोय ते ब्रश करूनही दिवसभर राहणाऱ्या, महिनोन्‌महिने न जाणाऱ्या वासाबद्दल.

निमित्त आहे एका श्रोत्याचा मेल. दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या, रात्री त्रिफळा, खिशात कायम बडीशेप. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मुद्दाम कोपऱ्यातली खुर्ची. लग्नाचं बघतायत घरी, तर मुलीशी समोरासमोर बोलायचंच टेन्शन. आणि दातांच्या डॉक्टरांकडे? एकदाही गेलेला नाही. का, तर "दात दुखतच नाहीत."

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात: आधी बग कुठे आहे ते शोधा, मग दुरुस्त करा. इथे बहुतेक लोक चुकीच्या फाइलमध्ये शोधतात.

ती चुकीची फाइल म्हणजे पोट. "पोट साफ नाही म्हणून वास येतो" हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातली हवा सतत वर येत नसते. कायमच्या वासाच्या दहापैकी साधारण आठ-नऊ केसेसमध्ये कारण तोंडातच सापडतं. जीभ, हिरड्या, दातांच्या फटी.

होतं काय, तर तोंडात असंख्य जिवाणू असतात. त्यातल्या काहींना ऑक्सिजन नसलेली जागा आवडते. जिभेचा अगदी मागचा भाग आणि हिरडी-दातामधली खाच, या त्यांच्या जागा. अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं ते फोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. एक हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. आता गंमत बघा. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात. म्हणजे याचाच सख्खा भाऊ! गॅसचा वास आला तर आपण अगरबत्ती लावतो का? नाही, आधी रेग्युलेटर बंद करतो. च्युइंगगम, लवंग, माउथवॉश या सगळ्या अगरबत्त्या आहेत.

लाळ हे सगळं धुऊन काढत असते. ती झोपेत कमी होते, म्हणून सकाळचा वास. तोंड उघडं ठेवून झोपणं, पाणी कमी पिणं, सर्दीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्या, यांनीही तोंड कोरडं पडतं. उपासालाही वास वाढतो तो यामुळे, आणि शरीर चरबी जाळायला लागतं म्हणून. कांदा-लसणाचं प्रकरण वेगळं. लसणातला एक घटक रक्तात जाऊन फुप्फुसांतून बाहेर पडतो, म्हणून ब्रश करूनही तो वास लगेच जात नाही. पण तो आपोआप जातो, त्याची काळजी नको.

स्वतःला कसं कळणार? नाकाला आपल्याच वासाची सवय झालेली असते. तळहातावर फुंकर मारून फारसं काही कळत नाही. चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडा, थोडं थांबून वास घ्या. दाढांमधून फ्लॉस फिरवा, त्याचा वास घ्या. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे घरातल्या एका माणसाला सरळ विचारा. काही जणांना वास नसतोच, फक्त भीती असते. त्यांचीही सुटका यातच आहे.

आता उपाय, क्रमाने:

१. डेंटिस्टकडे जा. कीड, हिरड्या तपासून घ्या, कीटण काढून घ्या. ब्रश करताना रक्त येत असेल तर टाळाटाळ नकोच. हिरड्यांचा आजार बराच काळ दुखत नाही. "क्लीनिंग केलं की दात हलतात" हा गैरसमज आहे. आजाराने हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते फक्त लक्षात येतं.

२. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश. रात्रीचा चुकवू नका. दातांच्या फटींसाठी रोज एकदा फ्लॉस.

३. जीभ मागून पुढे, हलक्या हाताने घासा. आजीची तांब्याची पट्टी उत्तम.

४. कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ करा.

५. तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत, ती तंबाखूच आहे, हिरड्या खराब करते.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरला तर दातांवर डाग पडतात, चव बिघडते.

दात-हिरड्या ठीक असूनही वास राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. सायनस किंवा टॉन्सिलमधले पांढरे खडे असू शकतात. आणि एक गोष्ट गंभीरपणे ऐका: मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तरी दाखवा.

शेवटचं. तुमच्या जवळच्या कुणाला हा त्रास असेल तर चारचौघांत टोमणा मारू नका, गुपचूप च्युइंगगमही पुढे करू नका. एकट्यात, सरळ सांगा: "अरे, तोंडाला वास येतोय, एकदा दात दाखवून ये." अर्धा मिनिट अवघड जाईल. पण न सांगितल्यामुळे तो माणूस वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतो.

मेल पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी एकच काम. या शनिवारची अपॉइंटमेंट घे. काय झालं ते मला कळव. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!